घरच्या रुग्णसेवेची पारख करणाऱ्या संत लुईझ डी मारिलॅक



आपल्या धर्मग्रामात अशी घरे आता पुष्कळ आहेत, जिथे म्हातारे आईवडील एकटे राहतात आणि मुले नोकरीधंद्यासाठी मुंबईत, आखातात नाहीतर कॅनडा-ऑस्ट्रेलियात असतात. आजारपण आले की ब्युरोला फोन करून बाई किंवा वॉर्डबॉय मागवला जातो. बारा तासांचे किंवा चोवीस तासांचे पैसे ठरतात आणि एक परकी व्यक्ती आपल्या घरात, आपल्या आईच्या अंथरुणापाशी येऊन बसते. तिची सेवा कशी आहे, आई तिच्या हाती सुरक्षित आहे का, हे कोणी पाहायचे आणि कसे पाहायचे?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण तो नवा नाही. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एका विधवा बाईने घरोघरच्या रुग्णसेवेची तपासणी करण्याचे काम अंगावर घेतले आणि आयुष्यभर ते सोडले नाही. ती बाई म्हणजे संत लुईझ डी मारिलॅक. संत व्हिन्सेंट डी पॉल ह्यांचे नाव आपल्या घराघरांत माहीत आहे. त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या लुईझबाईंची ओळख मात्र आपल्याला तेवढी नाही. म्हणून ह्या रविवारी त्यांचे चरित्र आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

लुईझचा जन्म १२ ऑगस्ट १५९१ रोजी झाला. वडिलांचे घराणे मोठे, राजदरबारात वजन असलेले. पण आई कोण हे तिला कधीच कळले नाही. ती विवाहाबाहेर जन्मलेली मुलगी होती आणि त्या काळी हा डाग पुसला जात नसे. लहानपणीच तिला पॅरिसजवळच्या प्वासी येथील डॉमिनिकन धर्मभगिनींच्या मठात ठेवले गेले. तिथे ती उत्तम शिकली. १६०४ मध्ये वडील वारले. त्यानंतर तिला पॅरिसमध्ये एका साध्या बाईकडे ठेवण्यात आले. तिथे तिने स्वयंपाक, शिवणटिपण, घराची व्यवस्था आणि काटकसर शिकून घेतली. मठातले पुस्तकी शिक्षण आणि ह्या घरातले चुलीपाशीचे शिक्षण, दोन्ही पुढे उपयोगी पडले. रुग्णासाठी केलेले सूप नीट शिजले आहे की नाही हे तिला पाहताक्षणी कळत असे आणि हिशेबाच्या वहीतली चूकही कळत असे.

तरुणपणी तिला कपुचिन धर्मभगिनी व्हायचे होते. प्रकृती नाजूक म्हणून तिला नकार मिळाला. मग नातेवाइकांनी लग्न ठरवले. ५ फेब्रुवारी १६१३ रोजी आंत्वान ल ग्रा ह्या राणीच्या चिटणिसाशी तिचा विवाह झाला आणि त्याच वर्षी मिशेल हा मुलगा झाला. काही वर्षे बरी गेली. नंतर पती आजारी पडले, अंथरुणाला खिळले. आजारपणात त्यांचा स्वभाव चिडखोर झाला. लुईझबाईंनी कित्येक वर्षे त्यांची घरीच सेवा केली. आपला धर्मसंघात जाण्याचा संकल्प मोडला म्हणून तर देव कोपला नाही ना, अशा शंकांनी त्यांचे मन पोखरून निघाले. ४ जून १६२३ रोजी, पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणाला, पॅरिसमधील एका चर्चमध्ये प्रार्थना करताना त्यांच्या मनावरचे मळभ दूर झाले. पतीची साथ सोडायची नाही आणि पुढचा मार्ग देव योग्य वेळी दाखवील, एवढे त्यांना स्पष्ट दिसले. २१ डिसेंबर १६२५ रोजी पतीचे निधन झाले. त्या चौतीस वर्षांच्या होत्या.

आपल्यापैकी ज्यांनी अंथरुणावरच्या माणसाचे वर्षानुवर्षे केले आहे, त्यांना ह्या बाईंची तगमग समजेल. रात्रीची जाग, रुग्णाची चिडचिड, स्वतःच्या श्रद्धेची ओढाताण हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. पुढे त्या दुसऱ्यांची सेवा तपासायला गेल्या तेव्हा हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

आता थोडे मागे जाऊन व्हिन्सेंट डी पॉल ह्यांच्याकडे वळू. १६१७ च्या ऑगस्टमध्ये ते शातियों ह्या गावी धर्मगुरू होते. गावाबाहेर एका घरातले सगळेच आजारी पडले होते आणि एकमेकांना पाणी द्यायलाही कोणी उरले नव्हते. ही गोष्ट त्यांनी मिस्सेच्या प्रवचनात सांगितली. दुपारी पाहतात तर वाटेवर रीघ लागलेली! जो तो भाकरी, मांस घेऊन त्या घराकडे निघालेला. व्हिन्सेंट ह्यांना आनंद झाला, पण काळजीही वाटली. आज आलेले सगळे अन्न ह्या लोकांना संपणार नाही, ते खराब होईल. आणि उद्या-परवा लोकांचा उत्साह ओसरला की ते पुन्हा उपाशी राहतील. गावात दया होती, व्यवस्था नव्हती. म्हणून त्यांनी गावातील स्त्रियांना एकत्र करून प्रेमसेवेचा संघ स्थापन केला आणि त्याला लेखी नियम दिले.

हे नियम आजही विचार करण्यासारखे आहेत. बायकांनी पाळीपाळीने एकेक दिवस स्वयंपाक करावा आणि तो स्वतः रुग्णाच्या घरी न्यावा. किती मांस, किती भाकरी द्यायची हेही ठरवून दिले होते. रुग्णाच्या खाटेवर स्वच्छ कापड पसरावे, त्याचे हात धुवावेत, मग प्रेमाने जेवू घालावे. ज्याच्या घरी माणसे आहेत त्याच्याकडे आधी जावे आणि जो अगदी एकटा आहे त्याच्याकडे शेवटी जावे, म्हणजे त्याच्याजवळ जास्त वेळ बसता येईल. पैशाची पेटी दोन कुलपांची असावी आणि दोन किल्ल्या दोघींकडे असाव्यात, असेही ह्या संघांच्या नियमांत होते. प्रेमाच्या कामात अविश्वास कशाला, असे कोणी म्हणेल. पण दोन कुलपांमुळे पेटी सांभाळणारीचीही अब्रू राखली जाते.

असे संघ गावोगाव उभे राहिले. मात्र स्थापन करणारा धर्मगुरू पुढच्या गावी गेला की मागे काय होते, हे कोण पाहणार? व्हिन्सेंट ह्यांनी ह्या कामासाठी लुईझबाईंना निवडले. मे १६२९ मध्ये त्यांनी त्यांना मोंमिराय येथे पाठवले आणि तिथून त्यांचे फिरणे सुरू झाले. १६३० मध्ये सॅं-क्लू, व्हिलप्रू, बोव्हे अशी ठिकाणे झाली. खडबडीत रस्ते, धक्के खाणारी घोडागाडी, गरिबांच्या खाणावळीतला मुक्काम आणि मुळात नाजूक प्रकृती, अशा स्थितीत त्या जात. सोबत रुग्णांसाठी कपडे आणि औषधे असत.

गावी पोहोचल्यावर त्या काय करीत? संघाच्या बायकांना भेटत आणि त्यांचे ऐकून घेत. पण तेवढ्यावर त्या थांबत नसत. त्या रुग्णांच्या घरी जात. स्वतः शिजवलेले पाहत आणि हिशेबाची वही उघडत. पाळी ठरल्याप्रमाणे चालते का, की नावालाच आहे? बाई स्वतः रुग्णाकडे जाते, की जेवण दुसऱ्याच्या हाती पाठवून मोकळी होते? रुग्णाशी बोलते का? वर्गणी गोळा होते का? खरा गरजू बाजूला राहून ओळखीच्या माणसाला मदत मिळत नाही ना? गावातल्या मुलींना कोणी शिकवते का? हे सारे टिपून त्या व्हिन्सेंट ह्यांना कळवीत. त्यांच्या टिपणांत स्तुतीही आहे आणि दोषही आहेत. कुठे पहिला उत्साह मावळलेला, कुठे रुग्णभेटी चुकलेल्या. दोष दिसला म्हणून त्यांनी कोणाला चारचौघांत खाली पाहायला लावले नाही. नियम पुन्हा समजावून दिला, नवी माणसे जोडली, वही नीट करून दिली आणि मगच त्या पुढच्या गावी गेल्या.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक भेद शिकवला जातो: हेतू चांगला असणे वेगळे आणि कृती चांगली असणे वेगळे. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी विवेकाला सद्गुणांमध्ये मानाचे स्थान दिले ते ह्याचसाठी. प्रेमाला विवेकाचे डोळे नसतील तर ते ठेचकाळते. लुईझबाईंची तपासणी म्हणजे कोणाच्या प्रेमावर घेतलेला संशय नव्हता. रुग्णाला जे मिळायला हवे ते खरोखर मिळते की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर सेवा देणाऱ्याच्या भावनेत सापडत नाही, ते रुग्णाच्या खाटेपाशी सापडते.

पॅरिसमध्ये अडचण निराळी होती. तिथल्या संघांत उमरावांच्या बायका होत्या. संसर्गाच्या भीतीने घरचे त्यांना रुग्णांकडे जाऊ देत नसत. मग त्या मोलकरणींना पाठवीत. मोलकरणींना ना आवड होती, ना शिक्षण. काम उरकले जाई, सेवा होत नसे. नेमक्या अशा वेळी मार्गरीत नासो ही स्युरेन गावची मुलगी पुढे आली. ती गुरे राखत असे. गुरांमागे जाताना येणाऱ्या-जाणाऱ्यांना अक्षरे विचारून ती वाचायला शिकली होती आणि इतर मुलींनाही शिकवीत होती. तिने पॅरिसच्या गरीब रुग्णांची सेवा मनापासून केली. १६३३ मध्ये प्लेग झालेल्या एका मुलीला तिने आपल्या अंथरुणात जागा दिली, स्वतः आजारी पडली आणि वारली. तिचा त्याग थोर होताच, पण सेवा करणाऱ्याच्या जिवाचीही काळजी घ्यावी लागते, हेही त्या मृत्यूने दाखवून दिले. पुढे लुईझबाई आपल्या पत्रांतून धर्मभगिनींच्या प्रकृतीची सतत चौकशी करीत.

२९ नोव्हेंबर १६३३ रोजी लुईझबाईंनी खेड्यातल्या काही मुलींना आपल्या घरी एकत्र आणले. हीच ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ ह्या संघाची सुरुवात. त्या काळी धर्मभगिनी म्हणजे मठाच्या भिंतीआड राहणारी, असे समीकरण होते. ह्या मुलींना मात्र रस्त्यातून, जिने चढून, गरिबांच्या खोल्यांत जायचे होते. लुईझबाईंनी त्यांना पाठवण्यापूर्वी तयार केले: वाचायला, औषधे तयार करायला, जखमा बांधायला आणि त्या काळच्या वैद्यकाप्रमाणे रक्त काढायलाही शिकवले. नियम कडक होते. डॉक्टरने सांगितलेले औषध सांगितलेल्या वेळीच द्यायचे, आपल्या मनाने उपचार करायचे नाहीत. गरिबाच्या घरून भेटवस्तू घ्यायची नाही. श्रीमंतांच्या घरी सेवेला राहायचे नाही.

ह्या शेवटच्या नियमाची कसोटी १६३६ च्या सुमारास लागली. कार्डिनल रिशल्यू ह्यांची भाची असलेल्या डचेस द एगियों हिने आपल्या वाड्यावर एक धर्मभगिनी मागितली. ती संघाची मोठी आश्रयदाती होती, नकार देणे सोपे नव्हते. पहिलीने जायला साफ नाही म्हटले. आपण आईवडिलांना सोडले ते गरिबांसाठी, असे तिचे म्हणणे. दुसरी, बार्ब आंजिबू, गेली खरी, पण वाड्याचा थाटमाट पाहून रडू लागली. शेवटी डचेसनेच तिला परत पाठवले. ह्या प्रसंगाला आणखी एक किनार आहे. रिशल्यू ह्यांच्याच राजकारणात लुईझबाईंचे एक काका तुरुंगात वारले आणि दुसरे, मार्शल असलेले, १६३२ मध्ये शिरच्छेदाला सामोरे गेले. तरीही त्यांनी सेवेच्या कामात वैर आणले नाही.

१६३८ मध्ये टाकून दिलेल्या अर्भकांचे काम सुरू झाले. पॅरिसमध्ये अशा बाळांसाठी एक घर होते, पण तिथली स्थिती भयंकर होती. बाळे रडू नयेत म्हणून त्यांना गुंगीचे औषध पाजले जाई आणि काही बाळे क्षुल्लक पैशांत विकली जात, असे व्हिन्सेंट ह्यांनी सांगून ठेवले आहे. लुईझबाईंनी सुरुवातीला बारा बाळे चिठ्ठ्या टाकून निवडून घेतली. पुढे संख्या वाढली तेव्हा बाळे खेड्यांतल्या दूध पाजणाऱ्या दायांच्या घरी ठेवली जाऊ लागली. कोणते बाळ कोणत्या दाईकडे आहे ह्याची नोंद ठेवली जाई आणि धर्मभगिनी त्या घरी जाऊन बाळाची स्थिती पाहून येत. दाई किती गोड बोलते ह्यापेक्षा बाळाचे अंग भरले आहे की नाही, ते स्वच्छ आहे की नाही, ह्याला महत्त्व होते. ज्याला बोलता येत नाही त्याची तक्रार त्याच्या शरीरावर वाचावी लागते.

कामे वाढत गेली: १६४० मध्ये ऑंजे येथील इस्पितळ, गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा झालेले कैदी, १६५२ मध्ये पोलंड, १६५३ मध्ये वृद्ध कारागिरांसाठी चाळीस जणांचे आश्रयस्थान, १६५५ मध्ये मनोरुग्ण. १६४२ मध्ये पवित्र आत्म्याच्या सणाच्या आदल्या दिवशी त्यांच्या मुख्य घराची तुळई मोडून छत कोसळले. एका भगिनीने तुळईचा कडकड आवाज ऐकला, लुईझबाईंना बाहेर पडण्याचा आग्रह केला आणि त्या थोडक्यात बचावल्या. त्यांनी देवाचे आभार मानले. त्या धोक्याची सूचना देणारा कानही देवानेच दिला होता, असे आम्हांला वाटते.

१५ मार्च १६६० रोजी लुईझबाईंनी देह ठेवला. व्हिन्सेंट स्वतः आजारी होते, ते अखेरच्या भेटीला येऊ शकले नाहीत. सहा महिन्यांनी, २७ सप्टेंबरला, तेही गेले. ११ मार्च १९३४ रोजी पोप पायस अकरावे ह्यांनी लुईझबाईंना संतपद बहाल केले आणि १९६० मध्ये पोप जॉन तेविसावे ह्यांनी त्यांना समाजसेवकांच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले. १८३३ मध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या तरुण मित्रांनी व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली तेव्हा गरिबांच्या घरी कसे जावे, हे त्यांना सिस्टर रोझाली रांद्यू ह्यांनी शिकवले. त्या लुईझबाईंच्याच संघाच्या. आधुनिक परिचर्येच्या प्रणेत्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनीही १८५३ मध्ये पॅरिसमध्ये ह्या भगिनींचे काम जवळून पाहिले.

बंधुभगिनींनो, आता आपल्या घराकडे वळू. ब्युरोकडून आलेली बाई किंवा भाऊ ह्यांच्याबद्दल काय पाहावे, ह्याची यादी लुईझबाईंच्या चरित्रातच आहे.

पहिली गोष्ट तयारीची. ती व्यक्ती नर्स आहे की देखभाल करणारी मदतनीस, हे आधी स्पष्ट विचारा. नर्स म्हणवत असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी पाहा. इंजेक्शन, नळी, जखम ही कामे न शिकलेल्या हाती देऊ नका. ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी मागण्यात कोणाचा अपमान नाही.

दुसरी गोष्ट वहीची. घरात एक साधी वही ठेवा. औषध किती वाजता दिले, जेवण किती गेले, लघवी-शौच, ताप, कूस केव्हा बदलली, हे त्यात लिहिले जावे. औषधाच्या गोळ्या मधूनमधून मोजा. डॉक्टरने न सांगितलेली झोपेची गोळी दिली जात नाही ना, हे पाहा. आई दिवसभर गुंगीत असेल तर ती शांत आहे असे समजून समाधान मानू नका.

तिसरी गोष्ट स्वतः जाण्याची. न कळवता, वेगवेगळ्या वेळी जा. आईच्या पाठीवर, कमरेवर, टाचांवर लाल चट्टे किंवा जखमा नाहीत ना, ओठ कोरडे नाहीत ना, कपडे ओले नाहीत ना, न्हाणीघरात घसरण नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. बाई खोलीत नसताना आईशी दोन शब्द बोला. परदेशात असाल तर रोजचा व्हिडिओ कॉल चांगला आहे, पण पाठीवरची जखम फोनवर दिसत नाही. इथल्या नातेवाइकाला, शेजाऱ्याला, आपल्या लहान ख्रिस्ती समूहातील कोणाला तरी ती जबाबदारी नेमून द्या.

चौथी गोष्ट पैशांची. घरातले दागिने, एटीएम कार्ड, पेन्शनची रक्कम एकट्या मदतनिसाच्या भरवशावर ठेवू नका. दोन कुलपांच्या पेटीची आठवण ठेवा. त्यात तिचाही बचाव आहे.

आणि पाचवी गोष्ट सेवा करणाऱ्या व्यक्तीची. तिला पोटभर जेवण, झोपायला जागा, आठवड्याची सुट्टी आणि ठरलेले पैसे वेळेवर मिळतात का? चोवीस तास जागणारे माणूस तिसऱ्या दिवशी चुका करणारच. तिच्याशी आदराने बोला, तिचेही आईवडील कुठेतरी गावी असतील. सेवा करणारीचे हाल करून आपल्या रुग्णाची चांगली सेवा होईल, अशी आशा धरता येत नाही.

वृद्धांचा छळ किंवा दुर्लक्ष होत असल्याचे दिसले तर गप्प बसू नका. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. अंथरुणावरच्या आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला आम्ही घरी येतोच. तेव्हा मनातली काळजी आम्हांलाही जरूर सांगा.

व्हिन्सेंट परिवारात संत लुईझ ह्यांचा सण पूर्वी १५ मार्चला होत असे; २०१६ पासून तो ९ मे रोजी साजरा होतो. त्या दिवसाची वाट न पाहता ह्याच आठवड्यात आपण प्रत्येकाने ओळखीच्या एका आजारी माणसाच्या घरी जाऊ या. ज्याच्याकडे कोणीच येत नाही त्याच्याकडे शेवटी जाऊ या, म्हणजे जरा जास्त वेळ बसता येईल.

प्रभू येशू आपल्या घरातील आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्या सर्व हातांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू